अठ्ठ्याण्णवचे शंभर

दोन मिलिमीटर म्हणजे सूतभरही नाही. सुतार, गवंडी, ग्रिलवाले ज्या सुताच्या भाषेत बोलतात ते सूत इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं जास्तच. त्याहून कमी फरक बहुतेक कामांत कुणी मोजत नाही. पण मोटारीच्या चाकाचे चार बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात, त्या वर्तुळाचा व्यास ९८ मिलिमीटरचा १०० करायचा म्हटलं, की याच दोन मिलिमीटरांत टर्नरची सगळी विद्या कसाला लागते. भिलाईत असं एक काम मला जवळून, पुढचे-मागचे हब, म्हणजे चाक ज्यांवर बसतं ते भाग, हातात घेऊन पाहता आलं. वरवर पाहणाऱ्याला त्यात चार नवी भोकं दिसतील. त्या भोकांपर्यंत जायचा रस्ता मला दाखवायचा आहे.

या वर्तुळाच्या व्यासाला वर्कशॉपात पीसीडी म्हणतात. चार भोकांच्या चाकात तो मोजणं सोपं असतं: समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. पाच भोकं असली तर समोरासमोर काहीच येत नाही. मग शेजारच्या दोन भोकांतलं अंतर घेऊन त्याला १.७०१ ने गुणायचं. मारुती ८०० चं वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचं, आकडा विचित्र वाटतो, पण ते बरोबर साडेचार इंच आहेत. फियाटच्या लहान गाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ९८ सांभाळला. आणि आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी छोट्या गाड्या, स्विफ्ट असो की इंडिका की लोगन, शंभरच्या.

११४.३ आणि १०० यांतला फरक निदान दिसतो. चाक चढतच नाही, माणूस थांबतो. ९८ आणि १०० यांतला फरक फसवा आहे. ९८ च्या हबवर १०० चं चाक धरलं तर प्रत्येक भोक बोल्टापेक्षा एकच मिलिमीटर बाहेर पडतं. पहिला बोल्ट बसतो, दुसरा बसतो, तिसऱ्याला थोडा जोर लागतो, चौथाही जातो. पान्याला सगळे घट्ट लागतात. प्रत्यक्षात बोल्टाच्या डोक्याखालचा साठ अंशांचा शंकू रिमच्या खोलगट बैठकीत पूर्ण बसलेला नसतो, एका कडेवर टेकलेला असतो. गाडी धावते, ती कड झिजते, ताण उतरतो आणि बोल्ट सैल होऊ लागतो. म्हणून या कामात ‘जवळपास बसलं’ हा शब्दप्रयोगच चालत नाही.

गाडी होती पॅलिओ. फियाटने ती २००१ मध्ये भारतात आणली. ती आधी कुर्ल्याच्या त्याच कारखान्यात बनली, जिथे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने वर्षानुवर्षं पद्मिनी घडवली होती. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता, त्याच्या नावाची एस १० ही आवृत्तीही निघाली होती. जाड पत्रा, दार लावताना येणारा भरीव आवाज आणि खड्ड्यातही न डगमगणारी बसकण यांमुळे ज्यांनी ती घेतली त्यांतल्या अनेकांना ती सोडवत नाही. अडचण येते ती सुट्या भागांची. मूळ रिम वाकला की तसा दुसरा शोधत फिरावं लागतं, आणि शंभरचे रिम मात्र प्रत्येक टायरवाल्याकडे भिंतीला टेकून उभे असतात. अशा वेळी हबच शंभरचा करून घ्यावा हा विचार कुणाच्याही मनात येतो. तो पुरा करणारा हात मात्र कुठेही मिळत नाही.

भिलाईत तो मिळतो, आणि त्याला कारण आहे. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत मदतीचा करार १९५५ चा. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज इथे येतं आणि रेल्वेचे रूळ होऊन बाहेर पडतं. १३० मीटर लांबीचा अखंड रूळ इथल्या मिलमध्ये निघतो. अशा कारखान्याभोवती दुरुस्तीची आणि सुट्या भागांची लहान लहान वर्कशॉपं वाढतात, तशी ती नंदिनी रोडच्या बाजूला वाढली. तिथल्या जुन्या कामगारांना शतांश मिलिमीटरचं अप्रूप नाही, सवय आहे. ज्यांचं काम मी पाहिलं ते काका गोंदियाकडचे. आयुष्य मशीनवर गेलेलं. बोलणं मोजकं, आणि तेही मापासारखं.

हे काम करण्याच्या तीन रीती आहेत. पहिली अॅडॉप्टरची: एक जाड चकती जुन्या वर्तुळावर हबला कसायची आणि तिच्यावरच्या नव्या वर्तुळावर चाक. मारुती ८०० सारख्या गाडीत, जिथे दोन वर्तुळांत चौदा मिलिमीटरांचं अंतर आहे, तिथे तिचं आकर्षण मला कळतं. पण चकतीला साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर जाडी लागते, चाक तेवढंच बाहेर ढकललं जातं, बेअरिंगवर तरफेचा ताण वाढतो आणि स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. मला ती रीत पटत नाही. दुसरी रीत ९८ आणि १०० यांच्यासारख्या लहान फरकासाठीच आहे: डोलता बोल्ट. याच्या डोक्याखालचा शंकू दांड्याला जोडलेला नसतो, सैल कड्यासारखा असतो. बोल्ट आपल्या जुन्या आट्यांत सरळ जातो आणि शंकू एक मिलिमीटर बाजूला सरकून रिमच्या बैठकीत नीट बसतो. युक्ती देखणी आहे आणि चांगल्या प्रतीची असेल तर भरवशाचीही. पण कवर्ध्याच्या रस्त्यावर रात्री पंक्चर झालं, टायरवाल्याच्या डब्यातून एखादा साधा बोल्ट त्या जागी गेला, की सगळा हिशेब कोसळतो. ज्याला समजावून सांगावं लागतं असं काम परक्या हातात टिकत नाही.

म्हणून तिसरी रीत: हबमध्येच नव्या वर्तुळावर नवे आटे पाडायचे. या रीतीत चूक झाली तर हब भंगारात जातो, आणि काम जमलं तर पुढच्या प्रत्येक मेकॅनिकला ती गाडी मुळातच शंभरची वाटते.

त्यातली सगळ्यात सुंदर जागा एकही भोक पाडण्याआधीची आहे.

पुढचा हब म्हणजे घडीव पोलादाची एक गोल ताटली आणि तिच्या मागे बेअरिंगमध्ये शिरणारा नळा. ताटलीच्या मध्यातून एक बुटकं कडं बाहेर आलेलं असतं, त्याला स्पिगॉट म्हणतात. पॅलिओत त्याचा व्यास ५८.१ मिलिमीटर. जात्याच्या वरच्या पाळीला मधला खिळा जसा मध्य दाखवतो, तसा हे कडं चाकाला मध्य दाखवतं. आता नव्या भोकांसाठी मध्य कुठून धरायचा? सहज सुचणारं उत्तर म्हणजे जुन्या भोकांवरून: समोरासमोरची जोडा, जिथे रेषा छेदतात तो मध्य. साधा कारागीर तेच करतो. पण जुनी भोकं कारखान्यातही कुठल्या तरी मध्यावरूनच पाडलेली होती. त्यांच्यावरून माप घेणं म्हणजे नकलेवरून नक्कल काढणं. काकांनी एकच वाक्य उच्चारलं, “भोकाले नोको इचारू, सेंटरले इचार.” आणि हब उलटा करून त्याचा मागचा नळा चकच्या जबड्यांत धरला.

इथे थांबून पाहावं. हब खऱ्या अर्थाने कशाभोवती फिरतो? ताटलीच्या बाहेरच्या कडेभोवती नाही, त्या कडेला कुणी बारकाईने घासलेलंही नसतं. तो फिरतो बेअरिंगच्या आतल्या कड्यात, आणि ते कडं बसतं नळ्याच्या ग्राइंड केलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर. गाडी धावताना ज्याला मध्य म्हणावं असा तोच एक. म्हणून पकड त्याच पट्ट्यावर, आणि पट्ट्याला ओरखडा जाऊ नये म्हणून जबड्यांखाली तांब्याची पातळ पट्टी. चकही तीन जबड्यांचा, एका चावीत तिन्ही एकदम सरकणारा नाही. चार जबड्यांचा, प्रत्येक जबडा वेगळा हलवता येणारा. तीन जबड्यांचा चक मध्य गृहीत धरतो. चार जबड्यांच्या चकात तो शोधावा लागतो.

शोध डायल गेजचा. एकेक घर शतांश मिलिमीटरचं. गेजची टोकदार काठी पट्ट्याला टेकवायची, हब हाताने सावकाश फिरवायचा आणि काटा किती डोलतो ते बघायचं. काटा चार घरं डोलला तर मध्य दोनच घरं सरकलेला असतो, कारण सरकलेला मध्य एका बाजूला जेवढा पुढे तेवढाच दुसऱ्या बाजूला मागे पडतो. नवशिका चार घरं डोलणारा काटा बघून जबडा चार घरं सरकवतो आणि पलीकडे निघून जातो. काकांचा हात दर वेळी निम्म्यावर थांबत होता. समोरासमोरचे दोन जबडे, एक किंचित सैल, दुसरा किंचित घट्ट. मग नव्वद अंशांनी फिरवून दुसरी जोडी. काटा हळूहळू शांत झाला. मग त्यांनी गेज उचलून ताटलीच्या तोंडावर लावला, कारण मध्य बरोबर असूनही ताटली तिरकी असू शकते. आणि शेवटी स्पिगॉटवर. तिन्ही जागी काटा जवळजवळ स्थिर. या तीन ठिकाणच्या साक्षी जुळवल्याशिवाय पुढे न जाण्यात जो धीर आहे, त्याचा मी अक्षरशः आनंद घेतला.

मागच्या हबचा प्रकार वेगळा. त्यात बेअरिंग पोटातच असतं, म्हणून हब त्याच्याच बेअरिंगवर फिरवून मध्य बघितला, आणि बेअरिंगचं तोंड दोन्ही बाजूंनी नीट बंद करून मगच काम सुरू झालं. लोखंडाचा एक कण आत गेला तर पुढे तो गुणगुणत राहतो. पुढच्या हबच्या बाबतीत एक खर्च मान्यच करावा लागतो: दाबून बसवलेलं बेअरिंग हब काढताना बहुधा वाया जातं, आतलं कडं हबबरोबर उपटून येतं. नवं बेअरिंग आधीच आणून ठेवलेलं होतं. जुनंच परत ठोकून बसवण्याचा मोह इथे टाळला जातो, आणि ज्यांना हे काम करून घ्यायचं आहे त्यांनी तो आधीच टाळावा.

आता कोन. जुन्या भोकाच्या जागीच, एक मिलिमीटर बाहेर, नवं भोक पाडता येत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळून लांबट खाच होईल. नवी भोकं जुन्यांच्या अधेमधे जायला हवीत. बरोबर मध्ये, म्हणजे ४५ अंशांवर, ही पहिली कल्पना. त्या अंतरावर जुन्या आणि नव्या भोकांचे मध्य जवळजवळ ३८ मिलिमीटर दूर पडतात, पोलाद भरपूर उरतं. पण ब्रेकची डिस्क जागेवर धरणारे छोटे स्क्रूही ताटलीच्या याच पट्ट्यात असतात, आणि ते भोकांच्या मधल्या जागेत असले तर ४५ अंशांवरचं ड्रिल थेट त्यांच्यावर जाऊन पडतं. उत्तर इतकं साधं आहे की सुचल्यावर हसू यावं: जुन्या भोकांपासून ४५ अंशच असायला हवेत असं कुठे लिहिलं आहे? नव्या चौघांनी आपापसांत नव्वद अंश पाळले की झालं. जुन्यांशी त्यांचं नातं सोयीनुसार ठरवावं. २२.५ अंश घेतले तर नवं भोक जुन्या भोकापासून आणि स्क्रूपासून दोन्हीकडे साधारण १९ मिलिमीटरांवर राहतं. बारा मिलिमीटरच्या दोन भोकांमध्ये सात मिलिमीटरांची पोलादी भिंत उरते. तेवढी पुरेशी आहे.

हा कोन यंत्रावर कसा उतरतो ते बघण्यात एक निराळीच मजा आहे. मिलिंग मशीनवरच्या इंडेक्सिंग हेडमध्ये चाळीसास एक असं गुणोत्तर असतं: मूठ चाळीस वेळा फिरवली की चकचा एक फेरा. म्हणजे नव्वद अंशांना मुठीचे पूर्ण दहा फेरे. २२.५ ला अडीच. पाच भोकांचं चाक असतं तरी आठ फेरे पूर्ण आले असते. अर्ध्या फेऱ्यापलीकडे कुठेही अपूर्णांक सांभाळत बसावं लागत नाही. आणि शंभरच्या वर्तुळाची त्रिज्या पन्नास: ज्या मशीनच्या स्क्रूची चाल पाच मिलिमीटर आहे तिथे टेबल सरकवायला पुन्हा पूर्ण दहा फेरे. हात एक फेरा जास्तही घेत नव्हता, कमीही नाही. जुनं वर्तुळ पाडायचं असतं तर ४९ साठी नऊ पूर्णांक आठ दशांश फेरे घ्यावे लागले असते. शंभर हा आकडा यंत्राच्याही हाताला सोपा आहे, हे मला त्या मुठीकडे बघताना पहिल्यांदा कळलं.

आणखी एक बारकावा, जो सांगितल्याशिवाय दिसत नाही. टेबलाच्या स्क्रूत थोडा खेळ असतो. दिशा बदलली की मूठ फिरते, पण टेबल क्षणभर जागचं हलत नाही. म्हणून पन्नासवर नेहमी एकाच दिशेने यायचं. माप ओलांडलं गेलं तर तेवढंच मागे घेऊन भागत नाही. बरंच मागे जायचं आणि पुन्हा त्याच दिशेने पन्नासला पोचायचं. काका एकदा ओलांडून गेले, आणि मागे जाऊन परत आले. फरक शतांशाचा असेल. तो दुरुस्त न करताही चाक बसलं असतं.

ड्रिलच्या क्रमाबद्दल थोडक्यात. आधी आखूड आणि ताठ सेंटर ड्रिल, कारण लांब ड्रिल पोलादाच्या गुळगुळीत तोंडावर टेकताच बाजूला सरकतं. मग बारीक ड्रिल, मग १०.८ मिलिमीटरचं. हे माप ठरतं ते बोल्टावरून: एम १२ × १.२५, म्हणजे बारा मिलिमीटर जाडीचा आणि प्रत्येक फेऱ्याला सव्वा मिलिमीटर पुढे सरकणारा. ड्रिलची धार काकांनी ग्राइंडरवर हातानेच लावली होती, आणि ती कशी लागली आहे याची परीक्षा भोकात होत नाही, किसात होते. दोन्ही ओठ सारखे असतील तर दोन्ही बाजूंनी सारखे, लांब, कुरळे कीस वर चढतात. एक ओठ मोठा असेल तर एकाच बाजूने कीस निघतो आणि भोक मापापेक्षा मोठं होतं. दुधाळ कूलंटच्या धारेतून दोन जुळी वेटोळी वर येताना बघणं हे या कामातलं सर्वांत उघड सौंदर्य. ते कुणालाही दिसेल.

आटे पाडणं मात्र बघायला शिकावं लागतं. भोक सरळ असलं तरी आटे पाडणारा टॅप तिरका शिरू शकतो, आणि तिरक्या आट्यांत बसलेल्या बोल्टाचं डोकं एका अंगावर टेकतं. म्हणजे ज्या दोषातून सुटण्यासाठी सगळा खटाटोप केला, तोच मागच्या दाराने परत येतो. म्हणून भोक पाडल्यावर हब हलवला नाही. ड्रिल काढलं, त्याच जागी टॅप लावला आणि मोटर बंद ठेवून स्पिंडल हाताने फिरवला. ज्या रेषेत भोक, त्याच रेषेत आटे. पहिले काही फेरे असे गेल्यावर टॅपला वाट सापडली, मग हँडल. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना आतला कीस तुटतो तेव्हा हँडलातून एक बारीक ‘कट्’ हाताला जाणवतो. तेल पुन्हा, अर्धा फेरा पुन्हा. बोल्टाची पकड निदान त्याच्या जाडीइतकी खोल हवी, म्हणजे या मापात नऊ-दहा फेरे. चार हब, प्रत्येकी चार भोकं. त्या सोळा भोकांत घाईचा एकही फेरा मला दिसला नाही.

शेवटी प्रत्येक भोकाच्या तोंडाला हलका चॅम्फर, म्हणजे कडेचा तिरका उतार. तो बघून मला वाटलं की काकांना ब्रेकचंही तितकंच कळतं. आटे पाडताना भोकाच्या तोंडाशी धातूची सूक्ष्म कड वर येते. नखाला जेमतेम लागेल इतकी. पण याच तोंडावर डिस्क बसायची असते. पन्नास मिलिमीटर त्रिज्येवर पाच शतांशांची कड राहिली, तर १२० मिलिमीटर त्रिज्येच्या डिस्कच्या काठावर ती सव्वापट-दीडपट नव्हे, दुपटीहून जास्त झालेली असते, आणि ब्रेक दाबला की पाय थरथरतो. लोक डिस्क बदलतात, पॅड बदलतात, आणि दोष भोकाच्या ओठावर तसाच बसलेला असतो. दोन सेकंदांच्या त्या चॅम्फरने पुढच्या कितीतरी तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

डिस्क आणि ड्रम हे बिडाचे. त्यांच्यात आटे पाडायचे नसतात, बोल्ट मोकळा आरपार जाईल एवढी भोकं लागतात; पण त्यांचाही मध्य त्यांच्या मधल्या भोकावरूनच धरायचा. बीड कोरडंच कापतात. कुरळे कीस इथे नाहीत, काळपट भुकटी पडते आणि बोटं शाईसारखी काळी होतात. चार भोकं समान कोनात असल्याने तोलही बिघडत नाही.

मग तो प्रश्न, जो बहुतेक लोक विसरतात. वर्तुळ शंभर झालं म्हणून शंभरचं प्रत्येक चाक बसतं असं नाही. स्विफ्टच्या रिमचं मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं, ते ५८.१ च्या स्पिगॉटवर चढणारच नाही. जुन्या होंडा सिटीचं ५६.१, तेही नाही. लोगनचं ६०.१. महिंद्राने रेनॉबरोबर नाशिकला बनवलेल्या या गाडीचे रिम इथे निवडले गेले ते केवळ मिळाले म्हणून नाही. ६०.१ आणि ५८.१ यांच्यात दोन्हीकडे बरोबर एक एक मिलिमीटर उरतो, आणि ती जागा भरायला एक पातळ कडं पुरतं. कडं नसतं तरी शंकूंनी चाक मध्यात ओढलं असतं, पण बोल्ट कसताना चाक आधीच मध्यात बसलेलं असणं ही वेगळीच निश्चिंती आहे. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, तपासला, बोल्टाचा शंकू रिमच्या बैठकीला जुळतो की नाही ते निळा रंग लावून पाहिलं, आणि टायरचं माप असं निवडलं की बाहेरचा व्यास मूळ टायरइतकाच राहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं आहेत आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ती ठामपणे अधोरेखित केली. चाकाला हात लावणाऱ्याने ते आधी वाचावं आणि आरटीओत विचारून घ्यावं. जुन्या गाडीवर प्रेम आहे म्हणून रस्त्यावरच्या दुसऱ्यांचा विचार सुटता कामा नये.

बोल्ट कसण्याबद्दल मला विशेष लिहायचं आहे, कारण चाक बोल्टांवर टांगलेलं असतं अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नसतं. नव्वद न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क दिला की बारा मिलिमीटरचा एक बोल्ट ढोबळ हिशेबाने पावणेचार टनांच्या जोराने रिम हबवर दाबतो. चार बोल्ट मिळून पंधरा टन. गाडीचं सगळं वजन टनाच्या आसपास. चाकाला धरून ठेवतं ते या दाबातून येणारं घर्षण. बोल्ट म्हणजे ताणून धरलेली पोलादी स्प्रिंग. हे लक्षात आलं की आधीच्या प्रत्येक बारकाव्याचा अर्थ उलगडतो: तोंड स्वच्छ का हवं, आटे सरळ का हवेत, शंकू पूर्ण का टेकायला हवा. हा दाब पूर्ण आणि सारखा बसावा, एवढ्याचसाठी. काकांनी आधी चारही बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत नेले. एकही अडला नाही. मग समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. पाइप घालून वर उभं राहण्याची जी सवय रस्त्यावर सर्रास दिसते, तिला इथे जागाच नव्हती.

जुनी भोकं त्यांनी तशीच ठेवली. वेल्डिंगने बुजवून तोंड चकचकीत करता आलं असतं, ग्राहकाला ते बरंही वाटलं असतं. पण घडीव पोलादाच्या ताटलीला चार ठिकाणी वेल्डिंगची उष्णता दिली की ती वाकते आणि त्या जागी धातू ठिसूळ होतो. मोकळी भोकं निरुपद्रवी असतात. डिस्कखाली ती कुणाला दिसतही नाहीत.

पडताळणी त्यांनी हब गाडीवर चढवण्याआधी केली होती आणि ती मला फार आवडली. भोकांच्या आट्यांत घट्ट बसणाऱ्या, बारा मिलिमीटरच्या आट्यांच्या पिना घालून समोरासमोरच्या पिनांचं बाहेरून बाहेरपर्यंतचं अंतर व्हर्नियरने घेतलं: ११२ यायला हवं. शेजारच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर ७०.७ च्या घरात. जुन्या वर्तुळावर हेच ६९.३ आलं असतं. मग हब बाजूला घेऊन त्याच्या तोंडावर, बोल्टांच्या वाटेत न येणाऱ्या जागी, नंबर पंचने हलकेच ठोकलं: ४×१००. पुढे कधी कुणी तो हब उघडेल आणि जुनी मोकळी भोकं बघून बुचकळ्यात पडेल, त्याच्यासाठी.

असं काम झालेली गाडी कुणी दाखवली तर मी आधी चाकांकडे बघत नाही, डिकी उघडायला सांगतो. चार चाकं शंभरची आणि स्टेपनी ९८ ची, असं हमखास सापडतं. वाटेत चाक बदलायची वेळ येते तेव्हाच ते कळतं. या पॅलिओत पाचवा रिमही शंभरचा होता, त्याच्या मध्यात पाचवं कडं बसवलेलं होतं, आणि जॅकच्या पिशवीत त्याच मापाचे चार बोल्ट आणि दोन जादा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायला या, असं काकांनी बिलाच्या मागे लिहून दिलं होतं.